तक्त्यात न मावलेलं नुकसान

समुद्र आत सरकतोय अशा वस्त्यांसाठी अनुकूलन आराखडे तयार करणं हे माझं काम. किती घरं धोक्यात आहेत, कोणत्या विहिरी खाऱ्या झाल्या, कुणाला कुठे हलवायचं, हे सगळं त्यात येतं. एका वस्तीतला दिवस मात्र डोक्यातून जात नाही.

तिथे तीन भाषा बोलणारी माणसं राहतात : पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी, शेती करणारी आणि मजुरीसाठी बाहेरून आलेली. सगळ्यांची एकच बैठक लावली असती तर ज्यांच्या नावावर जमीन, तेच बोलले असते. म्हणून गट वेगवेगळे बसवले, दुभाषे त्यांच्यातलेच घेतले, मासेमारांची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवली. बायकांची बैठक स्वतंत्र. हे वरवर किरकोळ वाटतं, पण माझ्या मते निम्मं काम इथेच साधतं नाहीतर बिघडतं.

बायकांना मी नुकसानीचा तक्ता वाचून दाखवला. घर, होडी, जाळी, पीक, गुरं. एक वयस्कर बाई उठल्या, नकाशाजवळ आल्या आणि किनाऱ्यालगत बोट टेकवून म्हणाल्या, "ताई, इथं माझी माणसं पुरलीत. याचा रकाना कुठाय?"

तसा रकाना नव्हता. हवामान बदलामुळे होणाऱ्या हानीसाठी 2013 साली वॉर्सात आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. पैशात न मोजता येणारी हानी, म्हणजे संस्कृती, ओळख, पूर्वजांच्या जागा, हा तिच्या कामाचाच भाग आहे. वस्तीत भरायच्या फॉर्मपर्यंत मात्र ते झिरपलेलं नाही, याचा मला मनापासून राग येतो. मी तिथेच कोरा कागद घेतला आणि त्या सांगतील ते लिहीत गेले.

संध्याकाळी मजुरांचा गट बसला. घर स्वतःच्या मालकीचं नाही म्हणून त्यांची नावं यादीतच नव्हती. पण जमीन कोरडी पडल्यामुळे एकदा गाव सोडून आलेले तेच होते. स्थलांतर म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकजण म्हणाला, "घरं चिठ्ठ्या टाकून वाटू नका. शेजारी शेजारीच राहू द्या. आमच्या बायका एकमेकींची पोरं सांभाळायच्या. इथं पांगलो आणि निम्म्या जणींचं काम सुटलं." आराखड्यातली सर्वांत उपयोगी सूचना हीच ठरली.

शेवटी सगळे एकत्र बसले तेव्हा मी आइसलँडची गोष्ट सांगितली. ओक्‌योकुल हिमनदी संपल्यावर 2019 च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि तिथे तिच्या आठवणीची पाटी बसवली. त्या वयस्कर बाई लगेच म्हणाल्या, "ते संपल्यावर गेले. आपण आधीच लावू."

दफनभूमीसाठी आता वेगळं परिशिष्ट जोडलंय, शेजार न तोडण्याची अट मुख्य आराखड्यात घेतलीय आणि मजुरांची नावं यादीत आलीत. पाटी तीन भाषांत असेल. कोणती भाषा वर, यावरून वाद अजून चालू आहे. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच.