आमची कुठेही शाखा नाही

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला तरी आमच्याकडे जुनी कॅलेंडरं नव्यांच्या मागे लटकत असतात. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कुणाचं तरी बारसं, सगळं त्यांच्यावर लिहिलेलं. काढायचा मुहूर्त काही लागत नाही. २०२६ च्या जानेवारीत एका दुपारी आई आडवी झाली होती, मला झोप येईना, म्हणून तिन्ही उतरवून जमिनीवर मांडली.

तिघांच्या पाठी तीन तऱ्हेच्या. कालनिर्णयाच्या मागे पाककृती आणि भविष्य छापलेलं, त्यामुळे तिथे आपल्याला काही लिहायला वाव नाही. बँकेचं कॅलेंडर इतकं गुळगुळीत की पेन्सिल घसरते. वाण्याचं मात्र सोनं. जाड, किंचित खरखरीत, पाठीला पूर्ण कोरं. त्याचं जुलैचं पान उलटलं तर मीच काढलेली अकरा वर्तुळं, फुटबॉल संघाची. एक गोलरक्षकाचं, त्यापुढे चार, मग तीन, मग तीन. दोन वर्तुळांत नावं. फुर्बा लाचेन्पा, छांगते. बाकी नऊ रिकामी.

ही माझी दर पावसाळ्यातली खोड. मोसमाला अजून महिने असतात, मैदानावर गुडघाभर गवत असतं, आणि मी टेबलाशी बसून मुंबई सिटी या आमच्या फुटबॉल क्लबचा पुढचा संघ लावते. प्रशिक्षकाला माझी गरज नाही हे मला माहीत आहे. क्रिकेटवाले हेच चौकात उभं राहून करतात, मी कागदावर करते, एवढंच.

नियम एकच, पेन्सिल. शाईने लिहिलेला खेळाडू जातो. हसू नका, पुरावा आहे.

४ मे २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून आम्ही आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, करंडक उचलला. त्याच मैदानावर तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनीच आम्हाला २-१ हरवून गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याची लीग शील्ड नेली होती, म्हणून आनंदाला जरा खारटपणाही होता, म्हणजे चव होती. त्या धुंदीत मी दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाही व्हायच्या आत, पुढच्या मोसमाचा संघ बॉलपेनने लिहून काढला. जिंकलाय तोच संघ, बदल कशाला? मधोमध राहुल भेके, त्याच्यापुढे अपुइया, नोगेरा, सगळ्यात पुढे परेरा डियाझ. जून लागला तशा बातम्या यायला लागल्या. भेके बंगळुरूला. नोगेरा बंगळुरूला. डियाझही बंगळुरूला. अपुइया तर ज्यांना हरवलं त्या मोहन बागानला! शाई खोडता येत नाही, मग नावांवर गिचमिड करत गेले. शेवटी ते पान डासांची कॉइल जळल्यासारखं दिसायला लागलं.

बाबा म्हणायचे, चॅम्पियन झालेल्या संघाचा फोटो त्याच दिवशी काढून घ्यावा, पुढच्या पावसाळ्यात तो संघ नसतो. त्यांनी हे कूपरेज मैदानावर बसून शिकलेलं. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला मुंबईतल्या हारवूड लीगच्या फुटबॉल सामन्यांना न्यायचे. आई समजायची आम्ही राणीच्या बागेत गेलोय. लाकडी फळ्यांवर पाऊस मुरलेला असायचा, म्हणून बाबा दोन वर्तमानपत्रं न्यायचे, एक वाचायला आणि एक बसायला. निम्म्या वेळात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. ते दाणे एकेक सोलायचे आणि सोललेला दाणा माझ्या हातावर ठेवायचे, साल खिशात. घरी आल्यावर आई त्यांचा खिसा उलटा करायची आणि राणीच्या बागेचं बिंग तिथे फुटायचं. मैदानावर ऑफिसांचे संघ असायचे, बँका, गिरण्या, खतांचा कारखाना. संध्याकाळी पाचला खेळणारा माणूस सकाळी दहाला फाईल घेऊन बसत असेल याचं मला फार नवल वाटायचं. बाबांना ते नवल नव्हतं, त्यांना फक्त ऑफसाईडचं पडलेलं असायचं. मला कधी त्यांनी तो नियम समजावून सांगितला नाही. "बघत राहा, कळेल." चाळीस वर्षं बघतेय, रेषेजवळचं अजून कळत नाही.

पुढे त्यांचा जीव महिंद्रा युनायटेडवर बसला. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग त्या संघाने जिंकली, डेरिक परेरा प्रशिक्षक, आणि बाबा आठवडाभर घरात असे वावरत होते की जणू निवड समितीत तेच होते. २०१० मध्ये तो संघच बंद झाला. खेळाडू गेले, प्रशिक्षक गेला, हे समजू शकतं. संघच नाही! बाबांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. दोन-तीन रविवार मात्र वर्तमानपत्र घेऊन तसेच बसून राहिले, एकच पान उघडं ठेवून.

२०१४ मध्ये मुंबई सिटी आली तेव्हा ते म्हणाले, "सिनेमावाल्यांचं काय खरं आहे." रणबीर कपूर मालकांत होता, त्याला उद्देशून. पण पुढे संघ अंधेरीला खेळायला लागला तेव्हा आलेच. आझाद नगर मेट्रोला उतरून पायी, हातात दोन वर्तमानपत्रं. प्लास्टिकच्या खुर्च्या कोरड्या ठणठणीत बघून जरा हिरमुसले. पेपर तरीही अंथरलाच.

१३ मार्च २०२१ ची फायनल आम्ही घरी पाहिली. कोरोनामुळे अख्खा मोसम गोव्यात, फातोर्ड्याचं स्टेडियम रिकामं, खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. मला कसंनुसं होत होतं. बाबा म्हणाले, "हारवूड लीगला एवढीच गर्दी असायची." एटीके मोहन बागानने आधी गोल केला, मग त्यांच्याच टिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला, आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने उरलेलं काम केलं. शील्डही आमची, करंडकही आमचा. त्या फायनलला बाबा होते. २०२४ च्या नव्हते.

त्या २०२४ मधलीच एक गोष्ट, कबुलीजबाब म्हणा. २४ एप्रिलला गोव्याशी उपांत्य फेरीचा पहिला सामना, पुन्हा फातोर्डा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर म्हापशाचा एक गृहस्थ बसतो, एफसी गोवाचा कट्टर. आम्ही ०-२ ने मागे. त्याचा मेसेज, "रडतेस का?" मी टीव्ही बंद केला, फोन पालथा ठेवला आणि दूध तापवायला गेले. दूध वर आलं, मी गॅस बारीक केला, आणि फोन ओट्यावर थरथरायला लागला. नव्वदाव्या मिनिटाला छांगते, पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. ३-२! आयुष्यातली सगळ्यात भारी सात मिनिटं मी दुधाच्या पातेल्याकडे बघत काढली. तेव्हापासून आम्ही मागे पडलो की आई आतून ओरडते, "दूध ठेव गं." ठेवते. नेहमी लागू पडत नाही.

त्या गिचमिड झालेल्या संघाचं पुढे काय झालं तेही सांगते. १३ सप्टेंबरला मोसमाचा पहिलाच सामना, परत सॉल्ट लेक, परत मोहन बागान. टिरी आता आमचा. त्याने पहिल्या दहा मिनिटांतच चेंडू आपल्याच, म्हणजे यावेळी आमच्याच, जाळ्यात घातला. माणूस सवयीचा गुलाम असतो. त्यांनी आणखी एक घातला. मग सत्तराव्या मिनिटाला टिरीनेच बरोबर बाजूला गोल केला आणि नव्वदाव्या मिनिटाला आमच्या क्रौमाने बरोबरी साधली, २-२. मला वाटलं, जमतंय. मार्चमध्ये बंगळुरूने आम्हाला ५-० ने घरी पाठवलं. ज्यांच्या नावांवर मी गिचमिड केली होती ते तिघे त्यांच्याकडे होतेच.

माझा भाचा मँचेस्टर सिटीचा. रात्री दोनपर्यंत जागतो, सकाळी क्लासला डुलक्या काढतो. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या मालक कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, आमच्यातला ६५ टक्के वाटा घेतला तेव्हा तो शेंबडा होता, पण अक्कल होती. म्हणाला, "आत्या, म्हणजे तुमची सिटी आमच्या सिटीची अंधेरी शाखा." मी त्याला दादरला नेऊन एका मिठाईच्या दुकानाची पाटी दाखवली. आमची कुठेही शाखा नाही. म्हटलं, हे वाच आणि गप बस. पण मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मोठ्या घराण्यात सोयरीक झाल्यासारखं. २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब आम्ही झालो, विजयी गोल भेकेचा, तेव्हा तर वाटलं आता हे असंच चालणार. पुढच्याच वर्षी गटात सौदीचा अल हिलाल आला. त्यांचा नेमार डी. वाय. पाटीलवर खेळणार म्हणून जन्मात फुटबॉल न पाहिलेले लोक मला तिकिटं मागायला लागले. नेमारचा गुडघा गेला, तो आलाच नाही, आम्ही ०-२ हरलो. तिकिटं मागितलेल्यांनी विचारलं, पैसे परत मिळतात का?

तर जुलैचं पान. ती नऊ वर्तुळं रिकामी का, हे आता आठवलं. ११ जुलै २०२५ ला कळलं की आयएसएलचा मोसम थांबवलाय. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, पुढचं काही ठरत नव्हतं. खेळाडू येतात, जातात, त्याला खोडरबर आहे. लीगच नसेल तर काय खोडायचं? मी पेन्सिल खाली ठेवली आणि पान भिंतीवर तसंच परतवलं. बिपिन ईस्ट बंगालला गेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुपने आपला वाटा सोडला, संघ परत जुन्या मालकांकडे. भाच्याने मेसेज केला नाही. फोन केला. "आत्या," म्हणाला, आणि पुढे काही सुचेना त्याला. मीच म्हटलं, "पाटी आता खरी झाली रे."

त्या जानेवारीत बातमी होती की लीग होणार, १४ फेब्रुवारी २०२६ पासून. चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच, म्हणजे तेरा सामने. अंदाज विचाराल तर तेरा सामन्यांत अंदाज कसला करता! तीन रविवार वाईट गेले की आटोपलं, सावरायला दुसरी फेरी नाही. आमच्यासारखे नव्वदाव्या मिनिटाला जागे होणारे संघ अशा मोसमात उशिरा पोचतात असं मला वाटतं. पहिल्या चारांत येऊ, असं तेव्हा वाटलं. भाच्यासमोर मी पहिले म्हटलं असतं.

पेन्सिलला टोक काढलं. वाण्याचं डिसेंबरचं पान फाडलं, उलटं केलं, अकरा वर्तुळं काढली. फुर्बा. छांगते. कडेला ब्रँडन. मधल्या बचावात दोन जागा सोडून मी कितीतरी वेळ बसले.

आई उठून आली. चष्मा नव्हता, तरी कागद ओळखला. भेके हे नाव तिला पहिल्यापासून पाठ. "भेके म्हणजे कुठले गं?" हा प्रश्न तिने मला पाचेक वर्षांत पन्नासदा विचारला असेल, आणि बाकी सगळ्या संघाला ती आजतागायत 'ते इतर' म्हणते.

"भेके खेळतायत ना अजून?"

"खेळतायत की," मी म्हटलं.

कुणाकडून, ते तिने विचारलं नाही. चहा टाकायला आत गेली.