पंप फिरवणार कोण?

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन आणि पंप होता. तो सुरू करण्याआधी नरसाळे लावून पंपात बादलीभर पाणी ओतावे लागे. पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी वर येऊ देणारी पण परत खाली न सोडणारी झडप, पालापाचोळा अडकून उघडा राहिला असेल, तर ओतलेले पाणी गडगडत विहिरीत निघून जाई आणि वडील खाली उतरून तो साफ करेपर्यंत उसाचे पाणी थांबे. सेंट्रिफ्यूगल पंपाला कोरड्या पोटी पाणी उचलता येत नाही, हे मला पुस्तकाआधी या विहिरीने शिकवले. त्याचा इंपेलर, म्हणजे आतले फिरणारे पात्यांचे चाक, पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे मधोमध दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी हवा नवे पाणी वर ढकलते. हवेचा हा जोर हिशेबाने १० मीटरपर्यंत पुरतो, व्यवहारात मात्र ६-७ मीटरच. म्हणून जुन्या विहिरींमध्ये पंप काठावर नसतो, तर आत, पाण्याजवळच्या ओट्यावर बसवलेला असतो.

असे पंप आपल्याकडे ज्या कारखान्याच्या नावाने ओळखले गेले, त्याची सुरुवात पंपांपासून झालीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल, या समजुतीपायी शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते आणि तयार माल बराच काळ पडून राहिला. नगरपालिकेने बेळगावातील जागा रिकामी करायला सांगितल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर नांगर, उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे तयार होऊ लागली. ही सगळी ओतकामाची कामे होत आणि माझ्या मते कारखान्याची खरी पुंजी तीच होती. पंपाचे केसिंग, म्हणजे इंपेलरभोवतीचे कवच, हे गोगलगाईच्या शंखासारखे वाढत जाणारे पोकळ बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यासाठी आतला वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, जागचा हलू न देता ओतणारे हात लागतात आणि ते हात नांगराच्या ओतशाळेत आधीच तयार झाले होते.

१९२० च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ची नोंदणी झाली. (त्याच वर्षी कारखान्याचे माहितीपत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले, मराठी वाचकाला पंपांपेक्षा त्यातून पुढे आलेले मासिकच अधिक आठवेल.) १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. पण पंप एकटा पडला होता. मोटेला बैल होते, पंपाला कोण फिरवणार? खेड्यात वीज नव्हती आणि इंजिने बहुतांशी परदेशातून येत. पंपाच्या इतिहासात आपण पंपाची वर्षे मोजतो, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९४६ आहे. त्या एकाच वर्षी पुण्याच्या खडकीत डिझेल इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक, अशा दोन कंपन्या स्थापन झाल्या. वीज असो वा नसो, पंप फिरवण्याची सोय आता याच घराण्यात होणार होती. लक्ष्मणरावांचे पुत्र आणि एमआयटीचे इंजिनिअर असलेले शंतनुराव यांचा या विस्तारात मोठा वाटा होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीलाही आगी लागल्या आणि कारखान्याचे मोठे नुकसान झाले. तेथून पुन्हा काम उभे करून पुढच्या दशकांत कृष्णाकाठी इंजिन-पंपाच्या जोड्या पोहोचल्या आणि कोयनेची वीज आल्यावर हळूहळू इंजिनांची जागा मोटारींनी घेतली. विहिरीच्या एका बाजूला मोटेची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाची खोली, हे दृश्य पलूस-तासगाव भागात अजून कुठे कुठे दिसते; धावेवर बहुधा गवत माजलेले असते.

पुढे किर्लोस्कर ब्रदर्सने शेतीपंपांपलीकडे पाणीपुरवठा, वीजकेंद्रे आणि मोठ्या उपसा योजनांची कामे घेतली, २००३ मध्ये ब्रिटनमधील एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. या सगळ्यात मला सर्वांत विशेष वाटते ते नर्मदेचे पाणी सौराष्ट्रात चढवणाऱ्या पंपांचे. ते इतके मोठे आहेत, की त्यांचे केसिंग बिडात ओतलेलेच नाही. तोच गोगलगाईचा आकार जागेवर काँक्रीटमध्ये बांधला आहे आणि इंपेलर त्याच्या आत फिरतो. आमच्या विहिरीवरच्या पंपाचे केसिंग मात्र गोठ्यामागे पडून आहे. पाण्यात बुडूनच चालणारा सबमर्सिबल पंप बसवल्यापासून नरसाळे लागत नाही.