खांद्याची गोळी आणि छातीची जळजळ

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा सुरू झाला की आमच्याकडे अर्ध्या गावाचे खांदे धरतात. 16 लिटरचा पंप भरून पाठीवर घ्यायचा, पट्टा खांद्यात रुततो, आणि डावा हात दिवसभर दांड्यावर. माझाही डावा खांदा असाच धरला. हात वर नेला की चमक, रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही. मग डोकं ठणकू लागलं, मानेतून वर चढायचं. आणि शेवटी छातीत कळ, तीही डावीकडे.

शेजारचे काकाजी म्हणाले, "कायले भेतं बापू, गॅस व्हय तो. ओवा खा." आमच्या गावात छातीतल्या कोणत्याही दुखण्याला आधी गॅसच म्हणतात, आणि त्या गॅसातच एखादा जातो. बायकोनं ओवा ठेवला बाजूला, आणि मोटारसायकलवर मागे बसून मला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं.

डॉक्टर मॅडमनी सर्वांत आधी विचारलं, फवारणी कधी केली? टॉर्च लावून बाहुल्या पाहिल्या. घाम, लाळ, उलटी, अंधारी, सगळं विचारलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार नि मजूर गेले, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. त्या विषबाधेतही डोकं दुखतं, छाती आवळते, पण बाहुल्या बारीक होतात. माझ्या ठीक होत्या.

मग ईसीजी. तो नॉर्मल आला म्हणून मी शर्टाची बटणं लावू लागलो. "बसा जी," मॅडम म्हणाल्या, "एका पट्टीवर तुम्हाला सोडत नाही." अटॅकच्या सुरुवातीला पट्टी साफ दिसू शकते. थोड्या वेळानं दुसरा ईसीजी काढला, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणाऱ्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कळ उठून काही तास झाल्यावरच त्या तपासणीचा भरवसा धरता येतो, हे तिथं कळलं. तीही ठीक निघाली.

परत आल्यावर खरी उलटतपासणी झाली. वावरात चालताना दुखतं का, थांबलं की राहतं का? कळ जबड्यात, हातात उतरते का? दम लागतो का? माझं दुखणं तसं नव्हतं. जेवून आडवं झालं की जळजळायचं. मॅडमनी फासळीच्या कडेला बोटानं दाबलं तेव्हा एका जागी अगदी ओळखीची कळ आली. म्हणजे थोडं स्नायूचं, बाकी पोटातल्या आम्लाचं.

"गोळ्या कोणत्या घेता?" या प्रश्नावर बायकोनं पिशवीतून डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीच्या रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. खांद्यासाठी एक, डोक्यासाठी दुसरी, मेडिकलवाल्याकडून आणलेल्या. मॅडम एकेक पट्टी उलटून पाहत होत्या. या गोळीनं पोटाचं अस्तर दुखावून छातीत जळजळ होऊ शकते, बीपीही चढतं, आणि रोज रोज डोक्याची गोळी घेतली की गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. बीपी 160/100 होतं. मला वाटलं, डोकं त्यानंच दुखतं. मॅडम म्हणाल्या, एवढ्या बीपीनं बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि हीच त्याची खोड आहे. पुन्हा बोलावून मोजलं, तेव्हाही जास्त भरलं, मग बीपीची गोळी सुरू झाली. ती केंद्रात फुकट मिळते.

दुखण्याची गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस डोकं उलट जास्तच ठणकलं. तसं होईल हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून तग धरला. खांद्याला गरम पाण्याचा शेक, भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, वाकून हात लोंबता सोडून हलवणं. पंप अर्धाच भरतो. फेऱ्या वाढतात, गडी हसतात, हसू द्या. जेवून लगेच आडवं होत नाही. ताटातलं लोणचं-पापड गेलं. खर्रा मात्र कमी झालाय, सुटला नाही. तंबाखूनं बीपी आणि हृदय दोन्हीला त्रास होतो, हे ऐकूनही.

छाती आवळून घाम फुटला, दम लागला किंवा कळ हातात-जबड्यात उतरली तर ओवा नाही, केंद्रही नाही, थेट 108 लावायचा, असं मॅडमनी बायकोला बजावलंय. तिनं तो नंबर चुन्यानं दारामागं लिहून ठेवला आहे. खांदा लवकर सुटत नाही, मधुमेहातही असं होतं, म्हणून रक्तातली साखरही तपासली, ती काठावर आली. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.