‘काय केलं वो ताई तुम्ही?’

फौजी कॅन्टीनच्या रांगेत, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या बाकावर, कधी कोणाच्या तेरवीतसुद्धा एखादी बाई हळूच बाजूला घेते आणि विचारते, “तुमच्या ह्यांचं बरं झालं म्हणतात. काय केलं वो ताई तुम्ही?” तिचा नवरा नाहीतर भाऊ फौजेतून किंवा सीआरपीएफमधून पेन्शनवर आलेला असतो आणि घरात काहीतरी बिनसलेलं असतं. तिला एखाद्या डॉक्टरचं नाव, एखादी गोळी, फार तर एखादा नवस ऐकायचा असतो. रांगेतल्या दोन मिनिटांत काय सांगणार? तुम्ही विचारलंत म्हणून ह्यांच्या मनाच्या आजाराचं एकदाचं नीट लिहून काढते.

पहिलं म्हणजे, मी काही केलं नाही. उपचार डॉक्टरांनी केले, मेहनत ह्यांनी केली. बायकोच्या मायेनं माणूस बरा झाला, ही गोष्ट लोकांना फार आवडते. मला मात्र ती ऐकली की राग येतो. कारण मग ज्या घरचा माणूस बरा झाला नाही, त्या घरच्या बाईची माया कमी पडली असा हिशेब निघतो.

आमचे हे पायदळातले. नोकरीचा बराच काळ काश्मीरमध्ये, त्यातला मोठा भाग राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या दलात. हवालदार होऊन पेन्शनवर आले. तिकडे काय काय घडलं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. एवढं लिहायला ते हो म्हणाले: एका सकाळी गाड्या निघायच्या आधी रस्ता तपासायला जाणाऱ्या तुकडीत, आरओपीत, त्यांचं नाव होतं. अंगात ताप होता म्हणून जोडीदारानं ड्यूटी बदलून घेतली. रस्त्यात सुरुंग होता. तो परत आला नाही.

हे मला कळलं ते पेन्शननंतर, तेही डॉक्टरांसमोर. नोकरीत असताना यावर कोणी तोंड उघडत नाही. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ अशा पाच अक्षरांत मांडतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या तब्येतीचं. ती श्रेणी घसरली की प्रमोशनची काळजी, पोस्टिंगची काळजी, वर पलटणीतली कुजबुज. म्हणून माणूस साधं ‘झोप येत नाही’ हेसुद्धा सांगत नाही. रजेवर येतो, महिनाभर पाहुण्यासारखा राहतो, घरचे म्हणतात थकलाय बिचारा, तेवढ्यात परतीच्या गाडीची तारीख येते.

कायमचे घरी आले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. आता, नागपूरबाहेरच्यांना कूलरचं महत्त्व समजायचं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खिडकीला लावलेला तो पत्र्याचा डबा म्हणजे घरातला कर्ता पुरुषच. पण कूलर चालू असला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, फाटकाची कडी वाजली तरी नाही. ह्यांना तेच सहन होत नसे. सगळे झोपले की उठायचे, कूलर बंद करायचे आणि अंधारात कान देऊन बसायचे. थोड्या वेळानं मुलं घामानं भिजून जागी व्हायची. मुलगा तेव्हा अकरावीत. तो उठून बटन दाबायचा, हे पुन्हा बंद करायचे. एका रात्री दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, “फौजी माणूस, तापट राहतेच वो.” सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.

आजाराचं नाव पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. १९१५ साली चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिलं. आजचं नाव १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या ग्रंथात आलं. आमच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: धोका संपला तरी शरीर पहारा सोडत नाही. वाईट स्वप्नं, दचकणं, भिंतीला पाठ लावून बसणं, गर्दी टाळणं, हे सगळं त्या पहाऱ्याचंच. एवढं तरी घरच्यांना चटकन दिसतं. दिसत नाही तो कोरडेपणा. मुलीनं दहावीचा निकाल दाखवला, ९० टक्क्यांच्या वर. हे म्हणाले, “ठीक आहे,” आणि मोबाइल परत दिला. रात्रीच्या किंकाळीपेक्षा ते ‘ठीक आहे’ मला जास्त लागलं. तेही आजाराचंच लक्षण असतं, हे तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

डॉक्टरकडे जायलाच किती दिवस गेले! आमच्या शहरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक सरळ पागलखाना चौक म्हणतात, ऑटोवालेही त्याच नावानं सवारी घेतात. अशा गावात ‘मानसोपचार’ म्हटलं की माणूस अंगावर येणारच. म्हणून तुम्हाला एक सांगते, सुरुवात झोपेपासून करा. मनाच्या डॉक्टरला नाही म्हणणारा फौजी झोपेच्या डॉक्टरला हो म्हणतो. आम्ही धंतोलीत, डॉक्टरांच्या वस्तीत, गेलो ते झोपेसाठीच. यात फसवणूक काही नाही, झोप खरोखरच उडालेली असते.

डॉक्टरांनी आधी दोन गोष्टी विचारल्या, दारू किती आणि घरात हत्यार आहे का. दारू होतीच. कॅन्टीनची रम झोपेसाठी म्हणून सुरू होते आणि तीच झोप बिघडवते. हत्यार घरात नव्हतं, पण बँकेच्या गार्डची नोकरी ठरत आली होती आणि त्यासाठी बारा बोरच्या बंदुकीचा परवाना काढायचा होता. डॉक्टर म्हणाले, सध्या नको. पगाराचं नुकसान होतं, सासरी कटकट झाली, तरी आम्ही नाही म्हटलं. पुढे मिहान उद्योग क्षेत्रातल्या एका कंपनीत विना हत्याराचं सुपरवायझरचं काम मिळालं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही डॉक्टरांनी माझ्यासमोर स्पष्ट विचारलं. मी दचकले. पण असं विचारल्यानं तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तुम्हीही विचारा.

गोळ्यांची नावं मात्र मला रांगेत विचारू नका. ह्यांना सर्ट्रालिन दिली, गुण यायला काही आठवडे लागले. झोपेच्या सवय लावणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी मुद्दाम दिल्या नाहीत. वाईट स्वप्नांसाठी ब्लडप्रेशरची एक जुनी गोळी काही जणांना देतात. २०१८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही, तरी एखाद्याला ती लागू पडते असं डॉक्टर म्हणतात. सांगायचं एवढंच की एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही.

खरं काम बोलण्याच्या उपचारानं केलं, आणि ते बोलणं म्हणजे मन मोकळं करणं नव्हे. दर आठवड्याला ठरलेली वेळ, आणि घरी करायचा अभ्यास. ह्यांच्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलं होतं: मी ड्यूटी बदलली नसती तर तो वाचला असता. मला वाटलं डॉक्टर म्हणतील, तुमची काही चूक नाही हो. ते कोणीही म्हणतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नसतो. डॉक्टरांनी अभ्यास दिला, “त्या सकाळी सहा वाजता तुम्हाला काय काय माहीत होतं, तेवढंच लिहून आणा.” ह्यांनी लिहिलं. ताप. कोणाची ड्यूटी. कुठला रस्ता. चहात साखर कमी होती, हेही लिहिलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती यादी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावली आणि विचारलं, “यात सुरुंग कुठे आहे?” त्या दिवशी घरी येताना ह्यांनी मला गाडी चालवायला दिली. स्वतः मागे बसले, आणि घरी पोचेपर्यंत हुंदके देत होते.

दुसरा अभ्यास, टाळलेल्या जागी थोडं थोडं जाण्याचा. सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करायची, त्या जागी थांबायचं आणि भीतीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. ह्यांनी त्याचंही रजिस्टर घातलं, फौजी पद्धतीनं रकाने आखून: ठिकाण, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, गुण पोचताना, गुण निघताना, शेरा. सीताबर्डीच्या बाजाराची नोंद अशी: ‘बर्डी मेन रोड, १८१०, १८५५, ८०, ४५. शेरा: पाणीपुरी खाल्ली.’ भीती उतरायच्या आत निघून यायचं नाही, हा नियम. लवकर पळून आलं की सुटल्यासारखं वाटतं आणि भीतीच जास्त पक्की होते.

इथेच घरच्यांचं घोडं अडतं. टीव्ही हळू करा, त्यांना लग्नाला नेऊ नका, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सांगा, पोराचं काही त्यांच्या कानावर घालू नका. प्रत्येक गोष्ट काळजीपोटीच, आणि प्रत्येक गोष्टीनं माणूस आणखी आत आत जातो. घरातलं हे सांभाळणं जितकं जास्त, तितका आजार टिकतो, असं संशोधनातही दिसलंय. म्हणून आमच्याकडे कूलरही यादीत आला. आधी दिवसा, दार लावून, थोडा वेळ. मग आडवं होऊन. मग रात्री. वेळ मोजायचं काम मुलाकडे दिलं. तो मोबाइलवर टायमर लावून खुर्चीत बसायचा, आधी कपाळाला आठ्या घालून, पुढे पुढे तिथेच पुस्तक वाचत.

इथपर्यंतचं जवळपास कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडे ऐकायला मिळेल. मला जे खरं सांगायचंय ते पुढचं आहे.

स्वप्नं कमी झाली, रम सुटली, बर्डीत पाणीपुरी खाऊन झाली. तरी घरात परकेपणा तसाच. बायका इथे घाबरतात, उपचार फसला म्हणतात. डॉक्टरांनी एकदा आम्हा दोघांना सोबत बसवलं. मी माझी यादी वाचली: मुलाशी बोलत नाहीत, पैशाचं विचारत नाहीत, घरात काही ठरवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, “हे आजाराचं कशावरून? हे लांब राहण्याचं असू शकतं.”

अगदी तसंच होतं. घराला त्यांच्याशिवाय चालायची सवय लागली होती आणि घर चांगलं चाललं होतं. मुलगा पैसे मला मागायचा, गाडीची चावी मला मागायचा, बाप समोर बसलेला असताना. मुलाला वांगं चालत नाही हे बापाला माहीत नव्हतं. त्यावर कुठली गोळी आहे? आणि सगळंच आजाराच्या खात्यावर टाकलं की एक सोय होते, बाकी कोणाला जागचं हलावं लागत नाही.

हलावं मलाच लागलं. सिलिंडर, बँक, घराचा कर, मुलाची इंजिनिअरिंगची ॲडमिशन, हे एकेक त्यांच्याकडे दिलं आणि दिल्यावर त्यात बोललं नाही. हे दुसरं मला फार जड गेलं. इतकी वर्षं घर एकटीनं ओढताना जीव मेटाकुटीला आला होता, तरी तो कारभार माझा होता, आणि मला तो आवडत होता. ह्यांनी किराण्याचंही रजिस्टर काढलं. मुलगी म्हणाली, “मम्मी, साबणाची एंट्री करून राहिले बाबा.” मी गप्प बसले. अॅडमिशनच्या फेऱ्यांमध्ये बापलेक कागदपत्रांची फाइल घेऊन चार ठिकाणी हिंडले, दोनदा भांडले, एकदा चुकीच्या कॉलेजात जाऊन बसले. घरी येऊन दोघं माझ्यापासून काहीतरी लपवून हसत होते. काय ते अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये कूलर काढायचा होता. वाळ्याच्या ताट्या आणल्या, पंप तपासायचा होता. मी ओट्याशी होते. मुलगा म्हणाला, “बाबा, वायर उलटी लावून राहिले तुम्ही.” क्षणभर माझा हात थांबला. ह्यांनी पक्कड पुढे केली, “मग तू लाव ना.” वरवर पाहिलं तर काहीच नाही. पण पोरानं बापाची चूक काढली आणि घर जागच्या जागी राहिलं, हे आमच्याकडे पहिल्यांदा घडत होतं.

‘पूर्ण बरे झाले का’ या प्रश्नाला माझ्याकडे सरळ हो नाही. त्या जोडीदाराची तारीख जवळ आली की आठवडाभर कमी बोलतात. हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसतात, आणि त्यावर आम्ही वाद घालत नाही. कधी स्वप्न पडतं. पूर्वी मी हलवून उठवायची. आता लांबून नाव घेऊन हाक मारते, कारण झोपेत असलेल्या माणसाचा हात कोणावरही पडू शकतो. तुम्हीही अंगाला हात लावून उठवू नका.

आणि ज्यांना आजच कोणाशी तरी बोलायचंय त्यांनी १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी २०२३ साली त्यांचा पुण्यात वेगळा कक्षही सुरू झाला. फौजेच्या पेन्शनरला ईसीएचएसमधून मानसोपचारासाठी रेफरल मिळतो. फोन नवऱ्यानंच करायला पाहिजे असं नाही. बायकोनं स्वतःसाठी केला तरी चालतो, तिचीही झोप गेलेलीच असते.

सध्या आमच्याकडे मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. वरातीत फटाके नकोत असं मी व्याह्यांना सांगायला निघाले होते. ह्यांनीच अडवलं, “फोडू दे. किती वाजता फोडणार ते आधी सांगा म्हणावं.” व्याही लगेच कबूल झाले. डीजेवर मात्र अजून एकमत नाही, पण तो विरोध ह्यांचा नाही, माझा आहे.