केस खरे असल्याचा दाखला

इथे जपानमध्ये लेकीच्या हायस्कूलने घरी एक फॉर्म पाठवलाय. मुलीचे केस जन्मापासूनच कुरळे आहेत, पर्म केलेले नाहीत, असं आम्ही लिहून द्यायचं, खाली हांकोचा, म्हणजे सहीऐवजी चालणारा आपल्या नावाचा, शिक्का मारायचा आणि लहानपणचा फोटो जोडायचा. या दाखल्याला जिगे शोमेइशो म्हणतात इथे. फोटो शोधायला बसले, तर हाताला लागले ते सगळे जावळ काढल्यानंतरचे! साताऱ्याच्या ओसरीवर गुळगुळीत डोक्याची, गालावर तीट लावलेली पोर. आता हा पुरावा पाठवू?

नियमाचं मला एवढं काही नाही. दोन वेण्या, लाल रिबिनी, चपचपीत तेल यातून आपणही गेलोय. नेलपेंट दिसलं की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. पण पोरीचे केस खरे आहेत असं लिहून द्या, असं माझ्या आईला कधी कुणी म्हटलं नाही. आईचा शब्द पुरायचा. (ती कायम बाईंच्याच बाजूने बोलायची, तो भाग वेगळा.)

टोकियोच्या शिक्षण मंडळाने सरकारी हायस्कूलांमधले असले बरेच नियम एप्रिल 2022 पासून काढून टाकले. केस सरसकट काळे हवेत हा गेला, अंतर्वस्त्रांच्या रंगाचासुद्धा गेला. होय, तोही होता! आमची शाळा पडली खासगी. त्याआधी ओसाकात एका मुलीने 2017 मध्ये खटला भरला होता: माझे केस मुळातच तपकिरी आहेत, तरी शाळा सारखे काळे करायला लावते. 2021 मध्ये कोर्टाने तिला 3,30,000 येन भरपाई दिली, पण ती वर्गातून तिचं टेबल हलवलं, यादीतून नाव काढलं म्हणून. केसांचा नियम कोर्टाने चुकीचा ठरवला नाही.

लेकीच्या मैत्रिणीची आई तर फॉर्मच्या वाटेलाच जात नाही. मुलीचे केस जरा तपकिरी, तर ही स्वतः बाथरूममध्ये बसून ते काळे करून देते. म्हणाली, फॉर्म भरला की मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. मी चाटच पडले. वर म्हणते, मार्चमध्ये शाळा संपली की हवा तो रंग लाव, कानही मीच टोचून आणीन. त्यांच्या घरात या विषयावर भांडणच नाही! नकार शाळा देते, आई फक्त लाड करते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे कान बाराव्या दिवशीच टोचलेले. शाळेत कानात काही चालत नाही, त्यामुळे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचं सुरू, ‘अगं, भोकं बुजतील तिची, निदान कडुनिंबाची काडी तरी घाल.’ आता काडी नियमात बसते का, हे मी त्या शिक्षकांना कुठल्या तोंडाने विचारू?

त्यात लेकीला उन्हाळी सुट्टीत एक बट जांभळी करायचीय. मी ‘शाळेत चालणार नाही’ म्हणून मोकळी झाले. कुणी म्हणेल, एवढी तणतणलीस आणि शेवटी त्याच नियमाआड लपलीस. लपले तर लपले. माझी आई ‘लोक काय म्हणतील’ म्हणायची, त्यापेक्षा हे बरंच बरं. लेक मात्र वस्ताद. ऑगस्टअखेर काळा स्प्रे मारता येतो, औषधांच्या दुकानात मिळतो, असं तिने बाबाला आधीच पटवून ठेवलंय.