जुन्या गाडीचं बटण बदलायच्या आधी मोजा, मग उघडा

हेडलाइट लागतात पण मिणमिणते, आणि थोडा वेळ गाडी चालवून डॅशबोर्डवरच्या हेडलाइटच्या बटणाला हात लावला तर ते चांगलंच तापलेलं. अशा वेळी सगळ्यांचा संशय आधी बॅटरीवर, मग डायनॅमोवर. बटणावर कोणी जात नाही, कारण ते "चालतंय ना"!

बरं तपासणारेही मल्टिमीटर ओहमवर (म्हणजे रोध मोजायला) लावतात, शून्याच्या जवळ आकडा आला की बटण पास. अहो पण मीटर त्यातून नावापुरता करंट सोडतो, त्यात काय कळणार. लाइट चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक प्रोब बटणात येणाऱ्या वायरच्या टर्मिनलला आणि दुसरा जाणाऱ्या वायरच्या. ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर सोडून द्या, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की आत घाण आहे समजा. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर, आणि बटणात नुसता ०.१ ओहम असला तरी १ व्होल्ट तिथेच गायब आणि १० वॅटची उष्णता त्या एवढ्याशा डबीत. साधा मीटर ०.१ ओहम धड दाखवतही नाही.

काढताना आधी बॅटरीची अर्थची केबल सोडा, वायरींचे फोटो काढा, टेप लावून नंबर टाका (रंगांवर विसंबू नका, इतक्या वर्षांत कोणी कुठली वायर जोडलीय देव जाणे). खेचायच्या बटणाची मूठ बऱ्याचदा फिरवून निघत नाही, तिच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं, आत स्प्रिंगवाली पिन, ती तारेने दाबली की मूठ अलगद हातात. जोर लावला तर मात्र तुटते, आणि तसली मूठ परत मिळणं महाकठीण.

मग बटणाचे पत्र्याचे कान उचलून ते उघडायचं, पण प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, नाहीतर आतली छोटी गोळी आणि स्प्रिंग उडून कुठे जाईल सांगता येत नाही. आत जुनं ग्रीस राळेसारखं घट्ट झालेलं आणि कॉन्टॅक्टवर काळे खड्डे, म्हणजे प्रत्येक खटक्याला उडालेल्या ठिणगीची खूण. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, फायबर ग्लास पेनने (काचतंतूंचा पेनसारखा ब्रश) घासा, जाड पॉलिश पेपर नको, चांदीचा मुलामा असला तर तो आधी जाईल. टर्मिनलचे रिव्हेट हलत असतील किंवा बेकेलाइट (बटणाचं जुनं कडक प्लास्टिक) तडकलं असेल तर ते बटण गेलंच.

नवीन आणलं तर टर्मिनलचा क्रम जुन्याशी ताडून बघा, दिसायला सेम असली तरी आतलं कनेक्शन वेगळं निघतं. आणि जुन्या स्टॉकमधलं पॅकबंद बटण मिळालं म्हणजे लॉटरी लागली असं नव्हे, त्याचंही ग्रीस तेवढंच वाळलेलं.

माझं मत विचाराल तर बटण कुठलंही ठेवा पण हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच) टाकाच, अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीपासून फ्यूज घेऊन रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बला, आणि बटणाची वायर ८६ ला, ८५ अर्थला. मग बटणातून फक्त कॉइलचा करंट जातो, अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. डॅशबोर्ड जसाच्या तसा दिसतो, ओरिजिनलवाले पण गप्प.

ब्रेक लाइटचं प्रेशर स्विच मात्र उघडत बसू नका, ते सरळ बदला. त्यात ब्रेक ऑइल झिरपलं असेल तर लाइटही जातो आणि ऑइलही.