फार्नच्या दिशेनं

स्कॉटलंडमधल्या मेलरोजहून निघाल्याच्या सहाव्या दिवशी वाळूवर बूट काढले. समोर इंग्लंडच्या किनाऱ्यालगतचं लिंडिसफार्न बेट, आणि तिथवर लाकडी खांबांची लांबच लांब रांग. ओहोटी असेल तेवढाच वेळ ही वाट उघडी. "अनवाणी चालतेयस? आळंदीहून निघालो तेव्हा तर रडली होतीस," आई फोनवर म्हणाली. चिखल घोट्यापर्यंत, बर्फासारखा गार. दूरवर सील ओरडत होते. आधी वाटलं, कुणी तरी आळवून गातंय.

ही शंभर किलोमीटरची वाट संत कथबर्टच्या नावाची. मेंढरं राखणारा हा मुलगा ६५१ साली मेलरोजच्या मठात गेला. तिथून तो डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचा, इतर जिथे जायला कचरत तिथेही, आणि कधीकधी महिनाभर परतायचा नाही. चेव्हियट डोंगरांच्या चढणीवर वारा मला उभं राहू देत नव्हता, तेव्हा हेच सारखं मनात येत होतं.

६७६ साली सगळं सोडून तो लिंडिसफार्नच्या दक्षिणेकडच्या छोट्या फार्न बेटावर एकटा राहू लागला. झोपडीभोवती इतकी उंच भिंत रचली की आतून फक्त आकाश दिसावं. गहू उगवेना, म्हणून जव पेरले. ६८४ मध्ये त्याला बिशप निवडलं. पत्रं गेली, माणसं गेली, तो हलेना. शेवटी तिथला राजा एकफ्रिथ स्वतः होडीतून गेला, गुडघे टेकून विनवू लागला. कथबर्ट रडत रडतच बाहेर आला. मला वाटतं, त्याला लोकांचा कंटाळा नव्हता. लोकांना नाही म्हणणं जमत नव्हतं, म्हणून तर भिंत लागली.

बिशपपद त्यानं पुरती दोन वर्षंही सांभाळलं नाही. अंत जवळ आलाय हे ओळखून तो फार्नला परतला. वादळामुळे पाच दिवस कुणालाच बेटावर जाता आलं नाही. मठाधिपती हेरफ्रिथ पोचला तेव्हा कथबर्टनं अंथरुणाची कड उचलून दाखवली: खाली पाच कांदे. त्यातला एकच थोडा कुरतडलेला. पाच दिवसांचं जेवण तेवढंच. २० मार्च ६८७ ला तो गेला.

बेटावर पोचल्यावर पाय धुतले नाहीत. किनाऱ्यावर जाऊन दक्षिणेकडे पाहिलं. पाण्यावर फार्नची काळी रेघ दिसत होती. सोबतच्या डब्यात भाकरी आणि कांदा होता. कांदा बुक्कीनं फोडला, आणि तिथेच बसले.